ल्योंमध्ये २२ युरोत दुपारचं जेवण: फळ्यावर जे लिहिलंय तेच मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात फ्रान्समधल्या ल्यों (Lyon) शहरात चार दिवस मुक्काम. नवरा-बायको चिकन आणि मासे खातात, बीफ-पोर्क नको. सोबत सत्तरीच्या सासूबाई, शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं. मोठ्या झगमगीत हॉटेलात जायचं नाही. छोट्या, उबदार, घरगुती वाटणाऱ्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये निवांत बसून जेवायचंय आणि माणशी २५ युरोच्या वर जायचं नाही. हे जमेल का, की सँडविचवर दिवस काढावे लागतील?

जमेल, आणि चांगलं जमेल. अट एकच: असं जेवण दुपारी जेवा आणि सोमवार ते शुक्रवार यांपैकी एखाद्या कामाच्या दिवशी जेवा. मी मूळची सांगलीची. ल्योंमधल्या छोट्या रेस्टॉरंटांच्या स्वयंपाकघरांत चौदा वर्षं काढली, त्यातली बरीच वर्षं दुपारच्या पदार्थांचा फळा लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी गल्ल्यापाशी उभी राहून नाही, शेगडीपाशी उभी राहून देते आहे.

आधी दोन शब्द पक्के करून घ्या, कारण घोटाळा तिथेच होतो. आपण ज्याला मेनू म्हणतो, म्हणजे पदार्थांची यादी, तिला तिथे 'कार्त' म्हणतात. तिथला 'म्यनू' म्हणजे ठरलेल्या किमतीचं पूर्ण जेवण: सुरुवातीची डिश, मुख्य डिश आणि गोड. यातल्या दोनच घेतल्या तर बहुतेक ठिकाणी त्याला 'फॉर्म्युल' म्हणतात. आणि 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीची डिश. मुख्य डिशला 'प्ला' म्हणतात. त्या दिवसापुरता केलेला मुख्य पदार्थ म्हणजे 'प्ला द्यु झुर'. छोट्या जागी हे सगळं खडूने काळ्या फळ्यावर लिहिलेलं असतं. माझ्या अनुभवात नुसता प्ला द्यु झुर १३ ते १६ युरोत येतो, दोन डिशचा फॉर्म्युल १८ ते २२ ला, तिन्ही डिशचा म्यनू २१ ते २७ ला. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, त्याच स्वयंपाक्याच्या हातचं रात्री जेवलात तर ३५-४० च्या पुढे जाता.

असं का होतं ते समजलं की बाकीचं निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल, म्हणून इथे जरा थांबते.

२२ युरोचा म्यनू धरा. त्यात १० टक्के कर आहे, म्हणजे २ युरो सरकारचे. मालकाकडे उरले २०. छोटं रेस्टॉरंट जगवायचं तर कच्च्या मालावर साधारण ३० टक्क्यांच्या वर जाता येत नाही. बाकीचं पगार, भाडं, गॅस, धुलाई यांत जातं. म्हणजे तुमच्या ताटातल्या सगळ्या सामानाला मिळून ६ युरो. त्यातच ब्रेड, लोणी, तेलही आलं. मी सकाळी फळा लिहायला बसायचे तेव्हा डोक्यात हाच आकडा असायचा: सुरुवातीला सव्वा युरो, मुख्य डिशला साडेतीन, गोडाला एक, उरलेलं ब्रेड-लोण्याला.

साडेतीन युरोत बदकाच्या छातीचा तुकडा येत नाही. समुद्री माशाचा जाडजूड तुकडाही येत नाही. पण कोंबडीची तंगडी येते, स्वस्त मासा येतो, अंडी येतात, मसूर, बटाटा, साय येते. आणि जे स्वस्त असतं त्याला वेळ द्यावा लागतो. सकाळी आठला पातेलं चढवलं की बारापर्यंत मंद आचेवर शिजत राहतं. स्वयंपाकी तसाही आठला आलेलाच असतो, त्याचा पगार तोच. त्यामुळे दुपारी गिऱ्हाइकाला मिळतो तो स्वयंपाक्याचा वेळ, महागडा माल नव्हे. ज्या पदार्थात वेळ हाच मुख्य जिन्नस आहे तो दुपारी मागवला तर पैसे वसूल झाले. ज्यात मालाची किंमतच सगळं ठरवते, उदाहरणार्थ स्टेक, तो स्वस्त म्यनूत मागवला तर पातळ आणि चिवट तुकडा येणार, आणि त्यात स्वयंपाक्याचाही दोष नाही.

दुसरं कारण निवडीचं. रात्री तीस माणसं बारा वेगवेगळ्या गोष्टी मागवतात. प्रत्येकीसाठी वेगळा तवा, वेगळी वेळ, त्यामुळे आत तीन-चार हात लागतात. दुपारी फळ्यावर दोन आंत्रे, दोन प्ला, दोन गोड. आत एक स्वयंपाकी, बाहेर वाढणारा एक, आणि तीस जणांचं जेवण दोन तासांत होतं. जवळजवळ काहीच वाया जात नाही. आपल्या खानावळीचं ताट परवडतं ते याच कारणाने: आज काय आहे ते खानावळवाल्या मावशींनी ठरवलेलं असतं. कोल्हापुरातल्या खानावळीत बसून कोणी वीस पानी मेनूकार्ड मागत नाही. ल्योंमध्येही तीच वृत्ती घेऊन आत जा.

ही ल्योंची जुनी रीत आहे. इथे 'मेर' म्हणजे आई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायकांनी शहराचा स्वयंपाक घडवला. त्यातल्या पुष्कळजणी आधी श्रीमंत घरांत स्वयंपाकीण होत्या, मग स्वतःचं छोटं दुकान थाटलं. मेर फिल्यू यांच्याकडे वर्षानुवर्षं जवळजवळ तेच ते ठरलेलं जेवण मिळायचं आणि लोक त्यासाठीच यायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या यूजेनी ब्राझिए यांनी १९२१ मध्ये र्यु रोयाल या रस्त्यावर स्वतःची जागा उघडली आणि १९३३ मध्ये त्यांच्या दोन्ही रेस्टॉरंटांना मिशलँ गाइड या रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे मिळाले. पुढे जगभर गाजलेले शेफ पॉल बोक्यूझ तरुणपणी त्यांच्याकडेच उमेदवारी करत होते. थोडेच पदार्थ, पण ते रोज केल्याने हात बसलेला, हा धडा या शहराने बायकांच्या स्वयंपाकघरातून घेतला. म्हणूनच मी इतक्या आग्रहाने सांगते की फळा छोटा दिसला तर निराश होऊ नका.

आता भाव दुपारी २५ च्या खालीच का राहतो, याचं एक अगदी व्यवहारी कारण. फ्रान्समध्ये पुष्कळ कंपन्या नोकरांना जेवणाची कूपनं देतात, हल्ली ती कार्डावर असतात. त्यातला निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त वाटा कंपनी भरते. २०२२ पासून त्यांवर दिवसाला २५ युरोपर्यंत खर्च करता येतो. शेजारच्या ऑफिसातली माणसं याच कार्डावर जेवतात, म्हणून आम्ही म्यनूचा आकडा ठरवताना ती मर्यादा ओलांडायचं टाळायचो. तुम्ही पर्यटक असूनही त्या ऑफिसातल्या लोकांच्या हिशेबाचा फायदा घेता आहात. जागा निवडण्याची माझी सगळ्यात भरवशाची खूणही यातूनच येते: बाराच्या थोडं पुढे रेस्टॉरंटवरून चालत जा आणि आत कोण बसलंय ते पाहा. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, टेबलावर वाइनऐवजी पाण्याची सुरई, आणि वाढणारी त्यांना नावाने हाक मारतेय, असं दिसलं तर तिथे बसा. त्यांना आठवड्यात तीनदा यायचं असतं, त्यांना कोणी फसवत नाही.

बाहेरूनच वाचायची सोय आहे, तिचा उपयोग करा. दुपारच्या जेवणाचे दर साडेअकरापासून बाहेर लावलेले असावेत असा तिथला नियम आहे. फळ्यावर वार किंवा तारीख असेल, खडू पुसून पुन्हा लिहिल्याच्या खुणा असतील, पदार्थ सहा-सातच असतील, तर चांगलं. सहा भाषांतलं, फोटो लावलेलं, चाळीस पदार्थांचं चकचकीत कार्ड, ज्यात कांद्याचं सूप, पिझ्झा आणि क्रेप सगळं एकत्र, तिथून पुढे चला. जुन्या ल्योंच्या सगळ्यात गर्दीच्या गल्ल्यांत अशी कार्डं बरीच दिसतील. पाच मिनिटं बाजूला चालत गेलात, किंवा विणकरांच्या क्रुआ-रूसच्या टेकडीवर चढलात, की चित्र बदलतं. पातेल्यावर छपराचं चित्र असलेली 'फे मेझों' ही खूण २०१४ पासून आहे, म्हणजे कच्च्या मालापासून तिथेच शिजवलेलं. ती दिसली तर बरं, पण नसली म्हणून जागा वाईट ठरत नाही. मिशलँ गाइडची 'बिब गुर्मां' ही खूण खास माफक दरातल्या चांगल्या जेवणासाठी असते. त्या जागा दुपारीही लवकर भरतात, तेव्हा आधी टेबल राखून ठेवा.

तुम्हा दोघांसाठी काय मागवायचं? फळ्यावर 'कनेल द ब्रोशे' दिसलं तर दुसरा विचार करू नका. ब्रोशे हा गोड्या पाण्यातला पाइक मासा. ल्योंच्या ईशान्येला दोंब नावाचा तळ्यांचा प्रदेश आहे, तिथे तो होतो. चवीला छान, पण दुफाटे काटे इतके की साधा तळून खाणं नकोसं होतं. म्हणून तो कुटून चाळणीतून काढायचा, मैदा-लोणी-अंड्याच्या शिजवलेल्या लगद्यात मिसळायचा, लांबट गोळे वळून पाण्यात हलके शिजवायचे आणि मग सॉस घालून भट्टीत फुगवायचे. सॉस बहुधा नांत्युआ असतो, गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या एक्रव्हिसच्या कवचांपासून काढलेला. नीट केलेलं कनेल टेबलावर येतं तेव्हा दुप्पट फुगलेलं असतं आणि काही मिनिटांत बसू लागतं. फोटो काढत बसू नका. चमच्याने सहज तुटलं, आत ओलसर आणि हलकं लागलं, तर जागा चांगली आहे. रबरासारखं लागलं तर ते कारखान्यातून आलंय.

दुसरं, 'पुले ओ व्हिनेग्र', म्हणजे व्हिनेगरमधली कोंबडी. कोंबडी लोण्यात लालसर परतायची, लहान कांदा-लसूण, वाइनचं व्हिनेगर, थोडा टोमॅटो, शेवटी साय. आंबटपणा नाकात जात नाही, सायीत मुरतो. गोव्याकडच्या व्हिनेगर घातलेल्या मटणाची सवय असलेल्याला हा पदार्थ पहिल्या घासाला ओळखीचा वाटेल. हा वेळ खाणारा पदार्थ आहे आणि तंगडीचाच चांगला लागतो, म्हणून दुपारच्या हिशेबात चपखल बसतो.

जपून राहायचं ते इथे: ल्यों डुकराचं आणि आतड्यांचं शहर आहे. 'आंदुइयेत' हे आतड्यांचं सॉसेज आहे, 'ताब्लिए द सापर' म्हणजे गाईच्या पोटाचा तळलेला तुकडा. 'बफ' म्हणजे बीफ, 'व्हो' म्हणजे वासराचं मांस, 'पोर' म्हणजे डुकराचं. सगळ्यात फसवा शब्द 'लार्दों', डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे. ल्योंच्या प्रसिद्ध सॅलडमध्ये कडवट पाला, पाण्यात शिजवलेलं अंडं आणि तळलेला ब्रेड यांच्यासोबत तेही असतात. बसल्या बसल्याच 'सां लार्दों' म्हणा, म्हणजे लार्दोंशिवाय; हे सॅलड ताटात शेवटी जुळवतात, त्यामुळे सहज जमतं. शिजवलेल्या मसुरात किंवा सूपमध्ये मात्र ते आधीच पडलेले असतात, तेव्हा तिथे विनंती करून उपयोग नाही, वेगळा पदार्थ घ्या. मांस कोणत्या देशातलं आहे हेही लिहिलेलं असावं लागतं, आणि फळ्याच्या कोपऱ्यातली ती बारीक ओळ हल्ली सगळीकडे दिसते.

गोडाचा विषय मला फार जवळचा आहे, कारण एका युरोत करायची खरी करामत तिथे असते. 'ईल फ्लोतांत' पाहा. अंड्याचा पांढरा फेटून त्याचा ढगासारखा गोळा, पिवळ्याचं दुधातलं पातळ कस्टर्ड, वर कॅरॅमल. एक अंडं, त्याचे दोन्ही भाग वापरले, काही उरलं नाही. 'रि ओ ले' म्हणजे दूध-तांदूळ-साखर आटवून केलेली, आपल्या तांदळाच्या खिरीची थंड बहीण. 'पँ पेर्द्यु' म्हणजे कालच्या ब्रेडचे काप दूध-अंड्यात भिजवून लोण्यात परतलेले. आणि ल्योंचीच 'तार्त ओ प्रालीन', गुलाबी साखर चढवलेले बदाम सायीत वितळवून केलेली लालभडक टार्ट. ती फार गोड असते, दोघांत एक पुरते.

आता सासूबाई. इथे मी खरं ते सांगते, कारण माझ्या आईच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली होती.

आई पहिल्यांदा ल्योंला आली तेव्हा डिसेंबर होता. माझं तिथलं पहिलंच वर्ष. एका छोट्या जागी तिला घेऊन गेले. फळ्यावर 'ग्रातँ द कार्दों' होतं. कार्दों ही आर्टिचोकच्या कुळातली भाजी, तिचे देठ खातात, वरून सॉस घालून भट्टीत भाजतात. वाढणाऱ्याला मी विचारलं, यात मांस नाही ना? तो अगदी मनापासून म्हणाला, नाही, भाजीच आहे. आईने दोन घास खाल्ले आणि चमच्यावरचा एक चकचकीत, पिवळसर तुकडा मला दाखवला. ती हाडातली मज्जा होती. हिवाळ्यात ल्योंमध्ये हा पदार्थ मज्जा घालूनच करतात, आणि त्या माणसाच्या लेखी मज्जा, लार्दों, सूपमधलं हाडांचं पाणी हे 'व्हियांद' नव्हतंच. व्हियांद म्हणजे ताटात दिसणारा मांसाचा तुकडा. आई काही बोलली नाही. ताट बाजूला सारून तिने ब्रेड खाल्ला. ते अजून मला लागतं.

म्हणून 'मांस आहे का' हा प्रश्न विचारू नका. एकेका वस्तूचं नाव घ्या. फोनवर नोंद करतानाच सांगा आणि बसल्यावर पुन्हा सांगा: 'सां व्हियांद, सां प्वासों, सां लार्दों, सां बुइयों द व्हियांद', म्हणजे मांस नको, मासे नको, लार्दों नको, मांसाचं पाणी नको. फ्रेंचमध्ये लिहिलेली चिठ्ठी बरोबर असेल तर आणखी उत्तम. वाढणारा ती आत नेऊन थेट स्वयंपाक्याला दाखवतो. आम्हाला अशी चिठ्ठी आली की राग येत नाही, काम सोपं होतं. एक दिवस आधी कळलं असेल तर मी कितीतरी वेळा फळ्यावर नसलेलं ताट केलं आहे. ऐन साडेबाराला कळलं तर हात बांधलेले असतात, कारण पातेली भरून तयार झालेली असतात.

त्यांच्यासाठी नेमकं काय? ल्योंच्या जवळच्या दोफिने या जुन्या प्रांतातल्या 'राव्हिओल', चीज आणि पार्स्ली भरलेले नखाएवढे चौकोन, पाण्यात मिनिटभर शिजवून सायीत सोडतात. हे शाकाहारी माणसाचं ल्योंमधलं सगळ्यात समाधानाचं जेवण आहे असं माझं मत आहे. 'कनेल नात्युर' म्हणजे माशाशिवायचं कनेल, अंडं आणि लोण्याचं. पण त्यावरचा सॉस कोणता ते विचारा, नांत्युआ असेल तर नको. 'ग्रातँ दोफिन्वा' म्हणजे साय आणि लसणीत भाजलेले बटाट्याचे काप. हा कडेला वाढतात, पण सॅलडसोबत मोठा वाटा मागितला तर पोटभर होतो. आणि 'सेर्व्हेल द कान्यु'. नावाचा अर्थ 'विणकराचा मेंदू' असला तरी तो चक्क्यासारख्या ताज्या चीजमध्ये कांद्याची पात, लसूण, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर घालून फेटलेला पदार्थ आहे. चक्का, लसूण आणि कोथिंबीर यांची चटणी डोळ्यांसमोर आणा. उकडलेल्या बटाट्याबरोबर सुंदर लागतो. मेमध्ये शतावरीचे (ॲस्पॅरॅगसचे) कोंब, ताजे मटार आणि मुळे बाजारात असतात, त्यामुळे फळ्यावर भाजीची एखादी आंत्रे बहुधा असते. कांद्याचं सूप मात्र टाळा, ते बहुतेक ठिकाणी मांसाच्या पाण्यात करतात.

दोन गोष्टी सासूबाईंना आधी सांगून ठेवा. फ्रान्समधली बहुतेक पारंपरिक चीजं दूध विरजण्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट वापरून करतात. कोंतेसारख्या नामांकित चीजात तर तेच वापरण्याचा नियम आहे. राव्हिओलमध्येही बहुधा कोंते असतं. त्यांना हे चालत नसेल तर चीज पूर्ण वगळा. आणि मूस किंवा थरांच्या केकमध्ये कधी प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं. फळांची टार्ट किंवा तांदळाची खीर घेतली तर प्रश्नच येत नाही. सॉसमध्ये वाइन पडते, तेही विचारून घ्या.

शाकाहारी माणसासाठी आणखी एक वाट आहे. ल्योंमध्ये जपानी आणि इतर देशांतून आलेल्या स्वयंपाक्यांनी उघडलेली छोटी रेस्टॉरंटं बरीच आहेत. तंत्र फ्रेंच, मसाला आणि मांडणी त्यांची स्वतःची. अशा जागी भाजीला मुख्य डिशचा मान देण्याची तयारी जास्त दिसते, आणि दुपारचा म्यनू तिथेही असतो. चारपैकी एक दुपार तिकडे ठेवा.

आता वेळ, आणि ही बाब हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे दीड-दोनला जेवायला बसतात. ल्योंमध्ये पावणेदोनला मी शेगडी पुसायला घेतलेली असायची. सव्वाबारा ते पाऊण या वेळेत पोचा. शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी हा म्यनू बहुतेक ठिकाणी मिळत नाही, फळ्याखाली तसं लिहिलेलं असतं. रविवार-सोमवार पुष्कळ छोट्या जागा बंदच. आणि तुम्ही मेमध्ये येताय, म्हणजे सुट्ट्यांचा महिना: १ मे, ८ मे, शिवाय बहुतेक वर्षी असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार आणि काही वर्षी पेंटेकॉस्ट या सणाचा सोमवारही मेमध्येच येतो. गुरुवारची सुट्टी असली की लोक शुक्रवारही जोडून घेतात, त्याला ते 'पाँ', म्हणजे पूल म्हणतात, आणि रेस्टॉरंटवाले पण घेतात. तुमचे चार दिवस कॅलेंडरवर ठेवून आधी हे तपासा.

आत शिरताना मोठ्याने 'बोंझूर' म्हणा आणि कोणी बसवेपर्यंत थांबा. पाणी विचारतील, साधं की बुडबुड्यांचं. त्यावर 'युन काराफ दो' म्हणालात की नळाचं पाणी सुरईत येतं, फुकट आणि पिण्याजोगं. ब्रेडही जेवणाच्या किमतीतच असतो, संपला तर पुन्हा मागा, संकोच करू नका. सेवाशुल्क दरात धरलेलंच असतं. जेवण आवडलं म्हणून टेबलावर एक-दोन युरो ठेवलेत तर आम्हाला बरं वाटतं, पण बंधन नाही. तिघांत दोन म्यनू घेऊन वाटून खाणं तिथे रुचत नाही; भूक कमी असेल तर प्रत्येकाने आपापला प्ला तरी घ्यावा. उरलं तर बांधून मागा, २०२१ पासून ते देणं रेस्टॉरंटांना बंधनकारक आहे. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण न मागता आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. निघायचं झालं की 'लादिसियों'.

तुमच्याऐवजी मी असते तर मंगळवार ते गुरुवार यांतली सुट्टी नसलेली दुपार धरली असती. तुम्हा दोघांना २२ चे दोन म्यनू: एकाला शतावरी, कनेल, ईल फ्लोतांत, दुसऱ्याला लार्दोंशिवायचं सॅलड, व्हिनेगरची कोंबडी, प्रालीनची टार्ट. सासूबाईंना १५ च्या राव्हिओल आणि ७ ची स्ट्रॉबेरीची टार्ट. सुरईतलं पाणी. शेवटी दोन कॉफी, अडीच-अडीच युरोच्या. बेरीज ७१. तुमच्या ७५ च्या आत.

टेबल राखताना आणखी एक गोष्ट विचारा. ल्योंमधल्या जुन्या इमारतींत खोल्या चिमुकल्या असतात, टेबलं एकमेकांना चिकटून, स्वच्छतागृह पुष्कळदा तळघरात किंवा वरच्या मजल्यावर अरुंद जिन्याने. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर 'ऱ्हे द शोसे', म्हणजे तळमजला, हे टेबल आणि स्वच्छतागृह दोन्हींसाठी स्पष्ट विचारून घ्या, आणि त्यांना भिंतीकडची बाकासारखी बैठक द्यायला सांगा. तिथून सगळी खोली दिसते.